गाय धडधाकट, शेणात जंतू: धोका कधी वाढतो आणि तेव्हा गोठ्यात काय करायचं

पहाटे साडेचारची धार. गाय शांत उभी आहे, रवंथ करते आहे, दूध कालच्याइतकंच देते आहे. माशी बसली म्हणून ती शेपूट झटकते. गोंड्याला रात्रीचं ओलं शेण लागलेलं असतं, त्याचा एक शिंतोडा बादलीच्या काठावर उडतो. धार काढणारा तो बोटानं पुसतो आणि त्याच हातानं पुन्हा सड धरतो. पशुवैद्यक म्हणून गोठ्यांत फिरताना हे मी जवळजवळ रोज पाहतो. त्या माणसाला मी निष्काळजी म्हणणार नाही. गाय आजारी दिसत नाही, मग तिच्या शेणाची भीती त्याला का वाटावी?

या लेखाचा सगळा मुद्दा त्या शिंतोड्यातच आहे. माणसाला अंथरुणाला खिळवणारे कित्येक जंतू गाईच्या पोटात, कासेत किंवा गर्भाशयात असतात आणि तिचा ताप वाढत नाही, दूध घटत नाही, भूक मंदावत नाही. ती मुकाट्याने जंतू बाहेर टाकत राहते. पण रोज सारख्या प्रमाणात टाकत नाही. ठराविक दिवसांत हे प्रमाण एकदम वाढतं. नवी गाय दावणीला आली, गाय व्याली किंवा गाभडली, वैरण अचानक बदलली, कडक ऊन पडलं, गोठ्यात चिखल झाला, वासरू दुधावरून तोडलं, हे ते दिवस. हे दिवस आधी ओळखता येतात, म्हणून त्यांची तयारीही आधी करता येते.

हे जगाला कळलं तेही एका धडधाकट जनावरामुळे. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन्‌महिने चढ-उतार होणारा ताप येत असे. त्याचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला. पण तो येतो कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडलं. थेमिस्टोक्लीस झमिट या माल्टाच्याच डॉक्टरांनी बकऱ्या तपासल्या, तेव्हा चांगल्या टुणटुणीत बकऱ्यांच्या रक्तात आणि पाठोपाठ दुधातही तो सापडला. सैनिकांचं बकरीचं कच्चं दूध बंद केल्यावर त्यांच्यातला ताप झपाट्याने ओसरला. त्या जंतूचे भाऊबंद आज ब्रुसेला या नावाने आपल्या गोठ्यांत आहेत.

आधी कोणता जंतू कुठून बाहेर पडतो ते समजून घ्या

साल्मोनेला शेणातून पडतो. काही गाई तो आयुष्यभर बाळगतात आणि मधूनमधून टाकतात, काही वेळा दुधातूनही. ई. कोलायची ओ१५७ ही जात गाईच्या गुदद्वाराच्या आतल्या शेवटच्या काही सेंटीमीटरमध्ये ठाण मांडते. गाईला तिचा त्रास नाही, कारण तिच्या आतड्याच्या रक्तवाहिन्यांवर या जंतूचं विष चिकटायला जागाच नसते. माणसाच्या शरीरात ती जागा असते, आणि लहान मुलांत हे विष मूत्रपिंडापर्यंत पोचून ती निकामी करू शकतं. शंभराहून कमी जंतूही माणसाला पुरतात. सगळ्या गाई सारखे जंतू टाकत नाहीत हेही लक्षात ठेवा. कळपातल्या थोड्याच गाई एका ग्रॅम शेणात १०,००० हून अधिक ओ१५७ टाकतात आणि बाकीच्यांना लागण होते ती बहुतेक त्यांच्यामुळे. त्या कोणत्या, हे बघून ओळखता येत नाही.

लिस्टेरिया बिघडलेल्या मुरघासातून (हवाबंद आंबवून साठवलेल्या हिरव्या वैरणीतून) गाईच्या पोटात जातो आणि शेणातून, कधी दुधातून बाहेर येतो. लेप्टोस्पायरा मुतातून जातो. ब्रुसेला मुख्यतः वार, गर्भजल, व्याल्यानंतरचा स्राव आणि दूध यांतून. जोन्स या गाईच्या जुनाट हगवणीच्या रोगाचा जंतू वर्षानुवर्षं दडून राहतो आणि गाय पातळ हगू लागेपर्यंत वासरांना लागण होऊन गेलेली असते.

पायरी १: एक वही घाला

दर गाईला एक पान द्या. विकत आणल्याची तारीख, व्याल्याची तारीख, वार किती तासांनी पडली, गाभडली का व कितव्या महिन्यात, हगवण, दिलेलं औषध आणि वैरणीत केलेला बदल त्यात लिहा. चार ओळींचं काम आहे. तपासायला येणाऱ्या डॉक्टरला मात्र या चार ओळी निम्मं निदान सांगून जातात. दोन महिन्यांत दोन गाई सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडल्या, हे तोंडी विचारलं तर बहुतेकांना आठवत नाही. वहीत ते एका नजरेत दिसतं.

पायरी २: नवी गाय थेट दावणीला बांधू नका

लोणी, घोडेगाव किंवा काष्टीच्या बाजारातून गाय आणली, किंवा ट्रकने थेट बंगळूरहून, तरी प्रवासाचा ताण सारखाच. गाय तासन्‌तास उपाशी उभी असते. पोट भरलेलं असताना कोटीपोटात (गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटात) वैरण आंबते आणि त्यातून तयार होणारी आम्लं साल्मोनेला, ई. कोलाय यांना दाबून ठेवतात. एक-दोन दिवस पोट रिकामं राहिलं की ही आम्लं घटतात आणि जंतू फोफावतात. म्हणजे गाय तुमच्या दारात उतरते त्याच दिवशी तिचं शेण सर्वांत धोक्याचं असू शकतं, आणि तेव्हाच आपण तिला कौतुकाने इतर गाईंच्या मधोमध बांधतो.

तिला ३० दिवस वेगळं ठेवा. वेगळं म्हणजे शेणमूत वाहून मुख्य गोठ्यात येणार नाही अशी जागा, वेगळी बादली, वेगळं फावडं. तिची धार आणि तिचं शेण सगळ्यांत शेवटी काढा. पहिले दोन दिवस भरपूर पाणी आणि सुकी वैरण द्या, पेंड हळूहळू वाढवा.

या काळात ब्रुसेलासाठी रक्ताची तपासणी करून घ्या. रोझ बंगाल नावाची साधी चाचणी असते, निकाल लवकर कळतो. एक बारकावा मात्र विक्रेते सांगत नाहीत. लहानपणी लागण झालेली कालवड चाचणीत निर्दोष येऊ शकते आणि पहिल्या वेतानंतरच तिचं रक्त खरं बोलतं. म्हणून विकत घेतलेली गाभण कालवड व्याल्यानंतर पुन्हा तपासा. हे पैसे वाचवू नका, असं मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

पायरी ३: व्यायचा दिवस

इथं जरा थांबून सविस्तर लिहितो, कारण माझ्या अनुभवात सगळ्यांत मोठी चूक इथेच होते.

व्यायच्या आगेमागे गाईची प्रतिकारशक्ती खाली येते. ती कमी खाते, दूध उतरायला लागलं की अंगावरची चरबी झडते. पोटात गप्प बसलेला साल्मोनेला याच काळात डोकं वर काढतो. त्यातच बहुतेक गोठ्यांत एकच रिकामी जागा असते. आजारी गाय तिथेच बांधतात आणि व्यायला आलेलीही तिथेच. कालच्या हगवणीच्या जागेवर आज वासरू जन्मतं आणि त्याचं ओलं तोंड सगळ्यांत आधी त्या जमिनीला लागतं. आजारी जनावराची जागा आणि व्यायची जागा वेगळी ठेवा. जागाच नसेल तर दोन वापरांच्या मध्ये सगळं शेण आणि अंथरूण काढा, धुऊन वाळू द्या, चुना भुरभुरा आणि नवा कोरडा भुसा किंवा पाचट पसरा.

आता वार. गाय सातव्या महिन्यात गाभडली, वार अडकली, तर घरातला कुणीतरी बाही वर करून उघड्या हाताने ओढायला लागतो. ब्रुसेलाची लागण असेल तर त्या वारेत आणि पाण्यात जंतूंची संख्या अफाट असते आणि हाताच्या नखाजवळची एवढीशी चीरही त्यांना पुरते. वार ओढून काढणं गर्भाशयालाही घातक आहे. डॉक्टर येईपर्यंत हात लावू नका.

पडलेली वार आणि मेलेला गर्भ उचलताना कोपरापर्यंतचे हातमोजे घाला, नाकातोंडाला फडकं बांधा. विहीर, ओढा यांच्यापासून लांब चार-पाच फूट खोल खड्डा घ्या, चुना टाका, पुरा आणि वर दगड ठेवा. उकिरड्यावर टाकलेली वार कुत्रं ओढत नेतं आणि सकाळपर्यंत ती तिसऱ्या गोठ्यासमोर पडलेली असते. गाभडलेल्या गाईचा स्राव थांबेपर्यंत तिला वेगळी ठेवा.

ब्रुसेलाची लागण झालेली गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला दिवस पूर्ण भरून गोंडस वासरू देते, आणि घरच्यांना वाटतं दोष गेला. दोष गेलेला नसतो. ती पुढच्या प्रत्येक वेताला स्रावातून आणि मधल्या काळात दुधातून जंतू टाकत राहू शकते. म्हणून गाभडलेल्या प्रत्येक गाईचं रक्त तपासा, पुढे ती कितीही चांगली दिसली तरी.

यावर लस आहे. मादी वासराला ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच द्यायची. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसची लसही आली. ही लस जिवंत जंतूची असते. गाभण गाईला किंवा गोऱ्ह्याला ती देत नाहीत, आणि टोचताना हाताला सुई लागली तर माणसालाही लागण होऊ शकते. त्यामुळे ती डॉक्टरकडूनच टोचून घ्या. पाडी चार महिन्यांची झाली की वहीत तारीख लिहून ठेवा, नाहीतर आठ महिने कधी उलटतात कळत नाही.

पायरी ४: वासरू

"वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही" हे वाक्य अजून अनेक घरांत ऐकू येतं. कृपा करून ते सोडून द्या. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रथिनं जवळपास नसतातच, ती चिकातून मिळतात. आणि चीक शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक कमी होते. पहिल्या एक-दोन तासांत, वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात गेला पाहिजे. ३० किलोचं वासरू असेल तर सुमारे ३ लिटर. एका दमात पीत नसेल तर दोनदा पाजा. आधी सड धुवा, पुसा.

दोन-चार महिन्यांच्या वासरांपासून कालवडींपर्यंतचा गट ओ१५७ टाकण्यात मोठ्या गाईंपेक्षा पुढे असतो, विशेषतः दूध तोडल्यानंतरच्या आठवड्यांत. म्हणून दूध एकदम तोडू नका. वासरू रोज किलोभर खुराक सलग तीन दिवस खाऊ लागलं की दूध हळूहळू कमी करा. वासरांचा कप्पा मोठ्या गाईंच्या शेणाच्या उतारावर नको. दगडीवर (कासेच्या सुजेवर) औषध चालू असलेल्या गाईचं टाकाऊ दूध वासरांना पाजायची सवयही मोडायला हवी. त्या दुधात औषधाचा अंश असतो, त्यामुळे वासराच्या पोटातले औषधाला न दबणारे जंतू तेवढे टिकतात आणि वाढतात.

पायरी ५: वैरण आणि मुरघास

कोणताही बदल १० ते १४ दिवसांत करा, मग ते हिरव्यावरून मुरघासावर जाणं असो की पेंड बदलणं. कोटीपोटातल्या उपयोगी जंतूंना नव्या वैरणीची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. धान्य आणि पेंडीचा मारा करून दूध वाढवायच्या नादात पोट बिघडतं आणि पातळ शेण सगळीकडे पसरतं.

मुरघासाबद्दल माझं म्हणणं थोडं कडक आहे. चांगला मुरघास सोनेरी-हिरवा असतो, वास आंबटगोड येतो, आणि सामू (आंबटपणाचं माप, म्हणजे पीएच) ४ च्या आसपास असतो. सामूच्या पट्ट्या स्वस्त मिळतात, बॅग उघडल्यावर एक लावून बघा. सामू ५ च्या वर गेला तर तिथे लिस्टेरियाला वाढायला रान मोकळं. मका दाण्यातला चीक संपत येताना, ६५ ते ७० टक्के ओलावा असताना कापा, कुट्टी बारीक करा, थरागणिक दाबा. बॅगेला उंदराने पाडलेलं बोटभर भोक दिसलं तर त्याच दिवशी चिकटपट्टी लावा. उघडल्यावर समोरून रोज निदान अर्धा फूट थर निघेल इतकीच मोठी बॅग किंवा खड्डा करा. काळपट, बुरशी धरलेला कडेचा भाग "भाकड गाईला चालतो" म्हणून टाकू नका. भाकड गाय बहुधा गाभणही असते, आणि लिस्टेरियाने ती गाभडू शकते.

ज्या फावड्याने शेण ओढता त्याने वैरण उचलायची नाही. गव्हाणीत चढून शेणाच्या बुटांनी उभं राहायचं नाही. पेंडीची पोती जमिनीपासून उंच ठेवा, उंदीर आणि पारवे यांची लेंडी-विष्ठा पोत्यात पडता कामा नये.

पायरी ६: पाण्याचा हौद

हौदात हात घालून तळ खरवडा. जो हिरवट गाळ हाताला लागतो त्यात ई. कोलाय महिनोन्‌महिने जगू शकतो, आणि कळपातली प्रत्येक गाय दिवसात कितीतरी वेळा तिथं तोंड घालते. आठवड्याला एकदा, उन्हाळ्यात दोनदा हौद पूर्ण रिकामा करा, ब्रशने घासा, उन्हात वाळवा, आतून चुना लावा. टाकीतल्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला १,००० लिटरमागे अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. ती आधी थोड्या पाण्यात कालवा, निवळी टाकीत ओता आणि तासभर थांबा.

पायरी ७: चिखल, ऊन आणि उकिरडा

जंतू टाकण्याचं प्रमाण गरमीच्या महिन्यांत वाढतं. शिवाय उकाड्याने हैराण गाय ओलसर जागा शोधून तिथेच बसते, आणि ओली जागा म्हणजे शेणमुताची. सावली, हवा आणि अंगावर पाण्याचे तुषार द्या, पण ते पाणी बसायच्या जागी साचणार नाही असा उतार हवा. मुक्तसंचार गोठा उत्तम, पण पावसाळ्यापूर्वी मुरूम टाकून उंचवटा केला नसेल तर जुलैत तिथे गुडघाभर राबडी होते. अंथरुणाला वाळू मिळाली तर भुशापेक्षा बरी, वाळूत जंतू कमी टिकतात.

गोठा स्वच्छ आहे की नाही हे जमीन बघून ठरवू नका, गाई बघा. मागचे पाय, कास आणि शेपूट यांवर शेणाचे पापुद्रे असतील तर बसायची जागा ओली आहे. दहातल्या तीन गाई तशा दिसल्या की त्या दिवशी बाकी कामं बाजूला ठेवा आणि बसायची जागा कोरडी करा. शेपटीच्या गोंड्याचे केस कात्रीने आखूड करा. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला शिंतोडा त्यानेच निम्मा कमी होईल.

उकिरड्याचा ढीग आतून वाफाळतो तेव्हा ५५ अंशांच्या वर गेलेला असतो आणि तिथले जंतू मरतात. कडेचं शेण मात्र थंडच राहतं. म्हणून ढीग दोन-तीन आठवड्यांत चार-पाच वेळा खालीवर करा, दर वेळी तो पुन्हा तापू द्या. कच्चं शेण किंवा स्लरी मेथी, कोथिंबीर, पालक यांना घालू नका. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत जमिनीला लागून वाढणाऱ्या पिकाला कच्चं शेणखत घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवसांचं अंतर सांगितलं आहे. आपली मेथी महिन्याभरात बाजारात जाते.

पायरी ८: धार आणि दूध

पूर्ण कास पाण्याने धुवू नका. वरचं शेणपाणी ओघळून सडांवरच येतं. फक्त सड धुवा. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या काळ्या तळाच्या भांड्यात काढा आणि गुठळ्या बघा. सड औषधात बुडवा, अर्धा मिनिट थांबा आणि दर गाईला वेगळ्या फडक्याने किंवा कागदाने कोरडे पुसा. एकच फडकं सगळ्या गाईंना वापरणं म्हणजे पहिल्या गाईचे जंतू शेवटच्या गाईपर्यंत नेणं. धार संपली की अर्धा टक्का आयोडिनच्या द्रावणात सड बुडवा आणि समोर वैरण टाका, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत गाय अर्धा तास उभी राहील.

दूध जितक्या लवकर ४ अंशांवर जाईल तितकं बरं, पण थंडाव्याने जंतू मरत नाहीत, फक्त वाढायचे थांबतात. लिस्टेरिया तर फ्रीजमध्येही वाढत राहतो. मारायला उष्णताच हवी. ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद हे पाश्चरायझेशनचं माप. घरी चांगली उकळी आणली की काम झालं. धारोष्ण दुधाची गोडी मला माहीत आहे, मीही लहानपणी गोठ्यात पेला घेऊन उभा राहिलो आहे. तरीही आज सांगतो, लहान मुलांना आणि गरोदर बाईला ते देऊ नका. कच्च्या दुधाचं दही, पनीरही नको.

पायरी ९: औषध आणि तपासणी

हगवण लागली की दुकानातून गोळी आणून पाजणं बंद करा. चुकीचं प्रतिजैविक पोटातले चांगले जंतू मारतं आणि साल्मोनेलाला जागा करून देतं. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवायचं औषध आहे म्हणून खाद्योत्पादक जनावरांसाठी त्यावर देशात २०१९ मध्ये बंदी आली. औषधानंतर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, हे डॉक्टरकडून वहीत लिहून घ्या.

शेण तपासायचं तर जमिनीवरचं उचलू नका. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून घ्या, बर्फावर ठेवा, शक्यतो त्याच दिवशी पोचवा. पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात नमुने तपासतात, आणि तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी नमुना कसा पाठवायचा ते सांगतात. १९६२ हा जनावरांच्या दवाखान्याच्या मदतीचा टोल फ्री क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. एकदा जंतू सापडला नाही म्हणून गाय मोकळी समजू नका, कारण ती मधूनमधून टाकते. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीनदा तपासा.

पायरी १०: घरातली माणसं

एका घरी गाय सातव्या महिन्यात गाभडली होती. नवरा-बायकोने मिळून वार ओढली. मला बोलावलं ते आठवड्यानंतर, गाय दूध देत नाही म्हणून. त्या ताईंना पुढे संध्याकाळचा ताप येऊ लागला, पहाटे घामाने लुगडं भिजायचं, कंबर आणि गुडघे धरायचे. मलेरिया, टायफॉइड अशी औषधं चार महिने झाली. मी गाईच्या रक्ताचा निकाल घेऊन गेलो तेव्हा त्या ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी विचारलं, "ताई, डॉक्टरांना गाईचं सांगितलंत का?" त्या म्हणाल्या, "माझ्या तापात गाईचं काय सांगायचं?" मी तो कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, उद्या दवाखान्यात जाताना हा घेऊन जा. ब्रुसेलाची तपासणी झाली, निदान झालं आणि सहा आठवड्यांची औषधं सुरू झाली.

म्हणून गोठ्यात काम करणाऱ्या कुणालाही आठवड्याहून जास्त ताप राहिला, मुलाला रक्ताची हगवण लागली किंवा लघवी कमी झाली, तर डॉक्टरांसमोर बसल्याबसल्या हे सांगा: घरी गाई आहेत, कच्चं दूध पितो की नाही, गेल्या काही महिन्यांत कोणती गाय गाभडली किंवा हगली, आणि वार कुणी उचलली. वही सोबत न्या.